अप्पारावांच्या नाकाची पेशी

फसली सालातल्या इस्फंदार महिन्याच्या नवव्या तारखेला, गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता, परभणीच्या स्टेशन रस्त्यावरच्या भुजंग तसबीरवाल्याच्या दुकानातून कोतवालीच्या दोन जवानांनी एक चौकट जप्त केली. चौकटीत एक नाक होतं. नाकाच्या आजूबाजूला जागा मिळेल तसे गंगाखेडचे अप्पाराव बसवलेले होते. पंचनाम्यात 'तसबीर एक, बुजुर्ग आदमी, मयत' एवढीच नोंद झाली.

ज्यांनी हे नाक काढलं ते ड्रॉइंग मास्तर दत्तोपंत त्या वेळी सरकारी शाळेत चौथीच्या मुलांना फळ्यावर वांगं काढून दाखवत होते. जप्तीची बातमी त्यांना वांग्याच्या देठाशी कळली. देठ अर्धाच राहिला.

दत्तोपंतांचं म्हणणं असं, की या प्रकरणात त्यांनी एकच गोष्ट केली. एक चित्र काढलं. बाकी सगळं परभणीनं केलं.

अप्पाराव हे गंगाखेडच्या तहसिलीसमोर बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि उरलेल्या वेळात अर्जदारांची तोंडं न्याहाळायची. पंचवीस वर्षं निजामाच्या हद्दीबाहेरच्या एका साप्ताहिकात त्यांची व्यंगचित्रं छापून येत होती. मोगलाईत अधिकाऱ्याचं चित्र काढण्याची सोय नव्हती, म्हणून अप्पाराव बैल काढत. कोणता बैल कोणत्या कचेरीतला, हे वाचणाऱ्याला बरोबर कळे. बैलांनी कधी तक्रार केली नाही. त्याच साप्ताहिकात कधीमधी दत्तोपंतांचंही एखादं चित्र येई, आणि ते आलं की दत्तोपंत अंक घेऊन पहिल्या गाडीनं गंगाखेडला जात. अप्पाराव चित्र नाकाजवळ धरून पाहत आणि म्हणत, "हात ठीक हाय. पण रेघ फार वेळा उचलता राव तुमी."

अप्पाराव रेघ उचलत नसत. टाक एकदा कागदाला लागला की टोपीपासून चपलेपर्यंत एका दमात. दत्तोपंतांना ते कधी जमलं नव्हतं.

त्या दिवाळीत अप्पारावांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला. डाव्याबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटं मोजून सांगितलं, "होळीपर्यंत." त्याच पौषात अप्पारावांची एकसष्टी होती. परभणीच्या वाचनालयाचे सेक्रेटरी आबासाहेब यांनी सत्कार ठरवला आणि दत्तोपंतांनी ठरवलं, की अप्पारावांचं व्यंगचित्र काढायचं, अप्पारावांच्याच रेघेत, एका दमात, आणि त्यांना दिसतंय तोवर त्यांच्यासमोर धरायचं. एका व्यंगचित्रकारानं दुसऱ्याला शाल दिली तर ती थंडीपुरती. तोंड काढलं तरच मान.

अकरा कागद फुकट गेले. बाराव्यावर नाक वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालं ते वळणं घेत खाली उजवीकडे पोचलं, आणि वाटेत मिशा, कानावरचा टाक, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, सगळं त्याच रेघेत आपापल्या जागी उतरलं. दत्तोपंत उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हाताची थोडी भीती वाटली.

मग त्यांनी ते चित्र घरात दाखवलं. ही चूक होती.

"हे कोण?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"अप्पाराव."

अंबिकाबाईंनी पदराला हात पुसले आणि चित्राकडं पुन्हा पाहिलं. "एकसष्टीला? चार माणसांत? त्यांच्या मंडळी तिथं बसणारेत ना हो?"

तेवढ्यात शेजारच्या कमलबाई विरजण मागायला आल्या आणि विरजण विसरून म्हणाल्या, "अगं बाई, अप्पाकाकांना सूज कधी आली? हळद लावून बघितली का?"

कमलबाईंमागोमाग किशनराव आले. किशनराव तहसिलीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मसुद्यांत दुरुस्त्या केल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर मसुदे येणं बंद झालं तरी दुरुस्तीचा हात थांबला नव्हता. त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं, तीन पावलं मागं गेले, डोळे बारीक केले.

"दत्तोपंत, नाक निम्मं करा."

"किशनराव, नाक हेच चित्र आहे."

"मी नको म्हणायलोय का? निम्मं म्हणायलोय. आणि कानावरचा टाक काढा. एवढा मोठा माणूस, कारकुनावानी दिसायलाय."

"ते अर्जनवीसच आहेत."

"हायेत की. पण दिसू कशाला द्यायचं?"

व्यंगचित्र म्हणजे काय, हे दत्तोपंतांनी त्या संध्याकाळी ओट्यावर सविस्तर समजावून सांगितलं. माणसाचा अर्क काढायचा असतो, जे इतरांपेक्षा वेगळं तेच वाढवायचं असतं, हा अपमान नसून अभ्यास असतो. किशनरावांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली आणि म्हणाले, "मग असं करा. पाऊण ठेवा."

दत्तोपंतांनी, निव्वळ शेजारधर्म म्हणून, पाऊण नाकाचं एक चित्र काढून पाहिलं. ते हुबेहूब किशनरावांच्या मेव्हण्यासारखं झालं. ते फाडून त्यांनी मूळ चित्र गुंडाळलं आणि चौकटीसाठी भुजंगकडं नेलं.

भुजंगच्या दुकानात दोन प्रकारच्या तसबिरी होत. देवांच्या आणि गेलेल्यांच्या. जिवंत माणसाला चौकटीत बसवायचं परभणीत कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. फोटो काढवून घेणारे चार लोक होते, पण ते फोटो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवत आणि माणूस गेला की बाहेर काढून भुजंगकडं पाठवत. हे दत्तोपंतांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी आठवलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "आमचे गुरू आहेत. नीट बसवा. शुक्रवारी सभा आहे." आवाज हळू होता तो घसा बसल्यामुळं. किशनरावांशी चर्चा केल्यावर तो बसतो.

भुजंगनं मान खाली घातली. "गुरू म्हणल्यावर काय, मास्तर. तुमी काळजी करू नका."

आणि त्यानं खरोखर मन लावून काम केलं. चौकट शिसवी. काचेच्या आतून कपाळाच्या जागी कुंकवाचा टिळा, आतूनच चिकटवलेला जरीचा हार, आणि खाली, त्याच्याकडं छापील तयार असे त्यातली पट्टी : 'कै.' पुढं सुबक अक्षरात 'अप्पाराव गंगाखेडकर'. मागून पत्रा, पत्र्यावर चुका, चुकांवर कागद. मग रीतीप्रमाणं त्यानं तसबीर दुकानाबाहेर खुंटीला लावली. गेलेल्याची तसबीर घरचे घेऊन जाईपर्यंत देवांच्या फळीवर ठेवत नाहीत. ती बाहेर, पूर्वेला तोंड करून टांगतात. पूर्वेला स्टेशन रस्ता होता.

सोमवारी दुपारी खुंटीला लागलेली तसबीर दत्तोपंतांनी मंगळवारी सायंकाळी पाहिली. या अवधीत परभणी शहरानं ती पाहून घेतली होती.

"भुजंग, हे काय केलंस? माणूस जिवंत आहे!"

भुजंगचा चेहरा पडला. "जिवंत? मग चौकट कशाला करायलाव, मास्तर?"

"आणि हे नाक पाहून तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं की. म्हणलं, पाण्यात गेले असतील. मागल्या साली हिरीतून काढलेला एक बसवला होता, त्यो बी असाच होता, लय फुगलेला. घरच्यांच्या म्होरं इचारावं कसं?"

"हार काढ. पट्टी काढ."

"आतून हाय. काच फोडावी लागंल." भुजंगनं काचेवर बोट वाजवलं. "आन् लढाईमुळं काच यायनाच. ही शेवटची होती. तुमच्या गुरूसाठी म्हणून लावली."

मंगळवारी सायंकाळी फक्त हार आणि पट्टीचा प्रश्न आहे, अशी दत्तोपंतांची समजूत होती. पण त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पिंगळीची तानुबाई दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन भुजंगच्या दुकानावरून गेली होती. तानुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण टिळा आणि हार वाचायला शाळा लागत नाही, आणि नाक तिच्या ओळखीचं होतं. अप्पारावांचा पुतण्या बन्सीधर पिंगळी स्टेशनावर तारबाबू होता. काका आले की दही तिच्याचकडून जाई. दुपारच्या गाडीनं ती पिंगळीला उतरली आणि तारेच्या खिडकीशी जाऊन तिनं सूर लावला, "बाबू, तुमचे काका गेले की वो! परभणीत फोटू लावलाय, हार घातलाय, अन् माझं दही खायला आता कोण येतंय वो!"

इथं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, डोक्यावर मडकं असताना, निरक्षर बाईनं एका नजरेत माणूस ओळखला होता. अख्ख्या प्रकरणात दत्तोपंतांच्या चित्राचं एवढं एकच जाणतं कौतुक झालं, आणि ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

बन्सीधरला मूलबाळ नसलेल्या काकांनीच वाढवलेलं. त्यानं डोळे पुसत गंगाखेडला तार केली : 'येईपर्यंत थांबावे.' स्टेशनमास्तरांकडं 'चुलत्याचे निधन' असं कारण देऊन तीन दिवसांची रजा टाकली. गाडीला अवकाश होता, तेवढ्यात न्हावी बोलावून डोकं आणि मिशा उतरवल्या, कारण क्रियेला तोच बसणार होता.

तार अप्पारावांच्याच हातात पडली. त्यांनी ती डाव्या डोळ्याशी नेऊन वाचली, पालथी करून पाहिली आणि बायकोला सांगितलं, "बन्सी यायलाय. थांबा म्हणतोय. मी कुठं चाललो होतो?" रात्री बन्सीधर गोटा करून ओट्यावर उभा राहिला, आणि काकांनी विचारलं, "कुणाचं रे झालं?"

"तुमचंच," बन्सीधर म्हणाला आणि खाली बसला.

काकूंनी आधी त्याला मिठी मारली, मग थापड मारली, मग जिवंतपणी क्षौर झालं म्हणून शांतीचा विधी करायला भटजींना निरोप धाडला. खोट्या बातमीनं आयुष्य वाढतं, असं शेजाऱ्यांनी समजावलं. अप्पाराव म्हणाले, "डोळ्याचं बी वाढतंय का, इचारा."

इकडं पिंगळीच्या स्टेशनमास्तरांना बुधवारी कळलं, की चुलता जेवतो-खातो आहे. रजा मयताची, मयत जिवंत. लढाईच्या दिवसांत सरकारी तारेवरून खोटी खबर गेली. त्यांनी बन्सीधरचा जबाब मागवला. बन्सीधरनं परभणीतल्या तसबिरीचा पुरावा दिला. कागद कोतवालीत गेला आणि गुरुवारी साडेदहाला जप्ती झाली. वाचनालयाच्या सभेच्या अर्जाला याच कचेऱ्यांनी अडीच महिने घेतले होते. घाई कशाची करावी, हे सरकारला कळतं.

त्या अर्जाचाही निकाल बुधवारीच लागला होता. सभेला परवानगी मिळाली. आबासाहेबांनी कागद उर्दूतून वाचून घेतला, तेव्हा ती शोकसभेची निघाली. अर्ज सत्काराचा होता. पण परवानग्यांचे कागद तयार करणारे पेशकारसाहेब रोज स्टेशन रस्त्यानं कचेरीत जात, आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती अर्जात दुरुस्त करून घेतली होती. अटी तीन : भाषण नाही, ठराव नाही, दोन मिनिटं उभं राहून स्तब्धता.

"परत द्या तो कागद," दत्तोपंत म्हणाले.

"परत?" आबासाहेबांनी कागद छातीशी धरला. "दत्तोपंत, तीन वर्षांत मिळालेली पहिली परवानगी हाय ही. सोडली तर पुन्हा अडीच महिने. तवर तुमच्या गुरूला माणूस दिसंल का, चित्र दिसंल का?"

दत्तोपंत म्हणाले, "पण ते येणार आहेत."

"येऊ द्या की. गप बसा म्हणावं."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सायंकाळी पाच वाजता वाचनालयात शोकसभा झाली. साठएक माणसं आली. भिंतीवर खिळा होता, खिळ्याला हार होता, मधली तसबीर कोतवालीत होती. हाराखालच्या खुर्चीत अप्पाराव बसले होते, शेजारी गोटा केलेला बन्सीधर. ठरल्याप्रमाणं सगळे उभे राहिले. अप्पारावही उभे राहिले. आपल्यासाठी उभं राहायचं की बसायचं, याबद्दल अटींत काही नव्हतं. एका मिनिटानंतर ते शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "माणूस बरा होता." मागच्या दोन रांगा हसल्या. कोपऱ्यात टोपी घालून आलेल्या, कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या गृहस्थानं वहीत नोंद केली. ती नोंद पुढं सगळ्यांना पाठ झाली : 'मरहूम खुद हाजिर थे. हँसे भी.'

शनिवारी सकाळी अप्पाराव, दत्तोपंत आणि आबासाहेब यांना कोतवालीत बोलावणं आलं.

कोतवालीचे प्रमुख अमीनसाहेब रागीट नव्हते. गोंधळलेले होते, आणि ते अधिक वाईट. "मास्टर," ते म्हणाले, "एक बात बोलो. तस्वीर वाला आदमी जिंदा है के मरहूम? जिंदा है तो हार कायकू? मरहूम है तो ये सामने कौन बैठे?"

"साहेब, तो सन्मान आहे."

"इज्जत करने को इत्ती बडी नाक?"

दत्तोपंतांनी व्यंगचित्राचं शास्त्र पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. मराठीत सुरू केलं, हिंदुस्थानीत नेलं, मध्ये हातवारे आले. लिहिणारा मोहरीर प्रत्येक वाक्य उतरवून घेत होता. 'अर्क' या शब्दापाशी थांबून त्यानं विचारलं, कोणत्या दवाखान्यातला. टोपी दत्तोपंतांच्या एका कानावर उतरली. मुद्दा पटवताना त्यांचे ओठ पुढं येतात आणि भुवया कपाळाच्या वर निघून जातात, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अप्पारावांचा जबाब आधीच झाला होता. तीन पानं. पहिल्याचं सार असं, की मी जिवंत आहे. त्यांनी एकच विनंती केली, चित्र बघू द्या. अमीनसाहेबांनी कपाटातून एक बोचकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. जाड कापड, सुतळी, लाखेच्या पाच मोहरा. मोहर कोर्टात मुन्सिफसाहेबांपुढंच फुटेल, असा कायदा. "दिल तो मेरा भी है देखने का," अमीनसाहेब म्हणाले, आणि ते खरं वाटलं.

अप्पारावांनी बोचक्यावरून हात फिरवला. "चौकट जड हाय. नाक मावलं का?"

"मावलं."

"रेघ?"

"एका दमात," दत्तोपंत म्हणाले. "वरून खाली. उचलली नाही."

"किती कागद?"

"बारा."

अप्पारावांनी नुसती मान हलवली. त्यांनी बोचकं परत दिलं आणि दत्तोपंत पुन्हा मोहरीरशी भांडायला वळले, कारण त्यानं 'गुरू'च्या जागी 'मयत' लिहिलं होतं.

दहाएक मिनिटांनी खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. दत्तोपंतांनी पाहिलं तर दारावरचा जवान भिंतीला टेकून पोट धरत होता. अमीनसाहेब रुमालानं डोळे पुसत होते. आबासाहेब दुसरीकडं बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मोहरीरचा टाक अप्पारावांच्या हातात होता. नाक जवळजवळ कागदाला लावून ते शेवटचं वळण पुरं करत होते, आणि कागद होता त्यांच्याच जबाबाचं तिसरं पान, कोरी बाजू.

"कोण आहे ते?" दत्तोपंतांनी विचारलं, आणि खोली पुन्हा हसली.

टेबलाच्या पलीकडून त्यांना ते उलटं दिसलं, तेही क्षणभर. दोन भुवया आणि एक उतरलेली टोपी, बहुधा. ते पुढं झुकले, तोवर मोहरीरनं सवयीनं पानावर शिक्का मारला होता. जबाबाचं पान फाडता येत नाही, मिसलीतून, म्हणजे खटल्याच्या कागदांतून, वेगळं करता येत नाही, फिर्याद चालू असताना संबंधितांना दाखवता येत नाही. संबंधित म्हणजे दत्तोपंत. दारावरच्या जवानाला दाखवायला हरकत नव्हती; त्याचा संबंध नव्हता.

"साहेब, ते माझं तोंड आहे!"

"हौ," अमीनसाहेब प्रेमानं म्हणाले. "पहचान हो गयी."

पान बोचक्याला बांधलं गेलं. मिसलीच्या यादीत 'तसबीर एक' खोडून 'तसबीर दो अदद' असं लिहिलं गेलं.

पुढच्या पंधरा दिवसांत दत्तोपंत कोतवालीत नऊ वेळा गेले. किशनरावांनी तीन मसुदे करून दिले आणि तिन्हींत स्वतः दुरुस्त्या केल्या. अंबिकाबाईंनी विचारलं, की मुन्सिफसाहेबांना फक्त नाकापुरती मोहर फोडता येत नाही का. बन्सीधरची रजा बिनपगारी झाली. मिशा येत आहेत.

मुन्सिफसाहेबांपुढं सुनावणीची पेशी पुढच्या फरवर्दी महिन्याच्या अकराव्या तारखेला होती. त्या दिवशी मुन्सिफसाहेब जिंतूरच्या दौऱ्यावर होते. पंचविसावी पडली; त्या दिवशी तपासणीला गेलेलं बोचकं सदर कचेरीतून परत आलं नव्हतं. नवी तारीख अजून लागलेली नाही.

कालच्या टपालानं गंगाखेडहून एक कार्ड आलं. पत्ता बन्सीधरच्या हातचा आहे. मजकूर अप्पारावांनी स्वतः लिहिला आहे. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत आणि शेवटची कार्डाच्या काठावरून बाहेर गेली आहे. दत्तोपंतांना लावता आलं ते एवढं : 'तारीख लागली का? तुमच्या भुवया बऱ्या जमल्या होत्या. बघितल्या का?'

होळीला आठ दिवस आहेत.